विजेवर अमोनिया आणि धातूंची ऑक्साइड्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजेने थेट अमोनिया बनवायचा आणि त्यासाठी उत्प्रेरक म्हणून तांबं आणि कोबाल्ट यांची ऑक्साइड्स वापरायची, असं माझं काम गेली काही वर्षं चाललंय. एमएस्सीची मुलं, रासायनिक कारखान्यातले मित्र, गावाकडचे नातेवाईक असे सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून ते एका जागी लिहून काढले. क्रम मनाला येईल तसा आहे.

अमोनिया तर शंभर वर्षांपासून बनतोय. मग ही नवी खटपट कशाला?

फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये जर्मनीतल्या कार्लस्रूअ इथे नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉश यांनी तो प्रयोग कारखान्यात नेला आणि १९१३ मध्ये ओपाऊला पहिला प्लँट सुरू झाला. तापमान ४०० ते ५०० अंश सेल्सियस, दाब वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट. अलिबागजवळ थळला आरसीएफचा खतकारखाना आहे, तिथेही मूळ गणित हेच. जगात आज वर्षाला साधारण १८ कोटी टन अमोनिया याच वाटेने बनतो आणि त्यातला बहुतेक खतात जातो.

दोष हाबरसाहेबांच्या अभिक्रियेत फारसा नाही. तिला लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून किंवा कोळशातून काढतात, खरी गडबड तिथे होते. गॅसवर चालणाऱ्या कारखान्यात अमोनियाच्या टनामागे साधारण दीड ते दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

मग विजेने पाण्यातून हायड्रोजन काढा आणि जुन्याच रिअॅक्टरला द्या. झालं की!

बरोबर. ‘ग्रीन अमोनिया’ म्हणून पेपरात जे येतं ते बहुतेक वेळा हेच असतं आणि ते चालतंही. त्यात किलोभर अमोनियाला साधारण १० युनिट वीज लागते. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. आमच्यासारख्यांची स्पर्धा जुन्या गॅसवाल्या कारखान्याशी तर आहेच, पण त्याहून जास्त या १० युनिटांशी आहे.

थेट विजेवर अमोनिया म्हणजे लॅबमध्ये नेमकं करता काय?

काचेचा एक सेल असतो, इंग्रजी एच अक्षरासारखा. दोन कप्पे आणि मधे पडदा. एका कप्प्यात कॅथोड. कॅथोड म्हणजे नखाएवढ्या कार्बन पेपरवर ब्रशने ओढलेली ऑक्साइडची काळी शाई. दुसऱ्या कप्प्यात अॅनोड, तिथे पाणी फुटून ऑक्सिजन निघतो. कॅथोडच्या बाजूला नायट्रोजन वायूचे बुडबुडे सोडायचे, नाहीतर पाण्यात नायट्रेट विरघळवायचं, आणि इलेक्ट्रॉन पुरवत राहायचं. पाण्यातला हायड्रोजन आणि तारेतून आलेले इलेक्ट्रॉन मिळून नायट्रोजनचा अमोनिया करतात. ना भट्टी, ना कॉम्प्रेसर. ऐकायला फार गोड वाटतं.

नायट्रोजन वायू घ्यायचा की नायट्रेट?

या विषयातला पहिला फाटा हाच, आणि माझ्या मते उत्प्रेरकापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

हवेतला नायट्रोजन फुकट आहे, पण हट्टी आहे. त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४१ किलोज्यूल लागतात. शिवाय तो पाण्यात विरघळायलाच तयार नसतो: खोलीच्या तापमानाला लिटरमध्ये जेमतेम ०.६५ मिलिमोल. कॅथोडवर नायट्रोजनचा एखाददुसरा रेणू येतो आणि भोवती पाण्याची जत्रा असते. इलेक्ट्रॉन मग सोपी वाट धरतात आणि हायड्रोजन वायू बनवून मोकळे होतात.

नायट्रेट पाण्यात हवं तेवढं विरघळतं. त्यातले नायट्रोजन-ऑक्सिजनचे बंध तोडायला सोपे. एका रेणूला आठ इलेक्ट्रॉन लागतात, तरी चांगल्या कॅथोडवर ते जवळजवळ सगळे अमोनियातच जातात. धातूंच्या ऑक्साइड्सचं काम गेल्या काही वर्षांत नायट्रेटकडे सरकलं ते यामुळेच.

पण नायट्रेट येतं कुठून? कारखान्यात नायट्रिक आम्ल अमोनिया जाळूनच करतात. बाटलीतलं पोटॅशियम नायट्रेट घेऊन त्याचा अमोनिया करणं म्हणजे पोळीचं पीठ करून पुन्हा पोळी लाटण्यातला प्रकार. सांडपाण्यात वाया जाणारं नायट्रेट असेल तरच या धंद्याला अर्थ आहे.

नायट्रोजन वायूपासून अमोनिया मिळाल्याचे ढीगभर पेपर आहेत. ते सगळे खोटे का?

खोटे म्हणणार नाही. त्यातले बरेच फसलेले आहेत, आणि मीही फसलोय.

आधी आकडे पाहू. १ मिलिअँपिअर करंट तासभर सोडला आणि त्यातला १० टक्के अमोनियात गेला, तर एकूण अमोनिया मिळतो सुमारे २१ मायक्रोग्रॅम. सेलमध्ये ५० मिलिलिटर द्रावण असेल तर हे झालं लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम. आता एवढा अमोनिया इतर कुठून येऊ शकतो ते मोजा. माणसाच्या श्वासातून, नायट्राइल हातमोज्यांतून, आधीच्या प्रयोगात अमोनियम पिऊन बसलेल्या सेलच्या मधल्या (नॅफिऑन नावाच्या प्लास्टिकच्या) पडद्यातून, नायट्रोजनच्या सिलिंडरमध्ये अंशभर असलेल्या नायट्रोजन ऑक्साइड्समधून. शेजारच्या टेबलावर कोणी अमोनियम हायड्रॉक्साइडची बाटली उघडली तरी पुरे.

ऑक्साइडवाल्यांच्या ताटात आणखी एक खडा असतो. आपण ऑक्साइड बनवतो कशापासून? बहुतेक वेळा धातूच्या नायट्रेटपासून. कोबाल्ट नायट्रेट भट्टीत ३०० अंशांना भाजायचं की कोबाल्ट ऑक्साइड तयार. मी हेच केलं होतं. पहिल्याच आठवड्यात इंडोफिनॉलच्या चाचणीत (अमोनिया असला की निळा रंग येतो) नमुना असा निळा झाला की मी गाईडना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं: “आर्गॉनवर कर.” नायट्रोजनच्या जागी आर्गॉन सोडून तोच प्रयोग केला. तोच निळा. वायूत नायट्रोजनचा अणू नाही आणि अमोनिया तेवढाच. भाजताना भुकटीच्या पोटात राहिलेलं नायट्रेट सेलमध्ये अमोनिया होऊन बाहेर येत होतं, आणि ते संपल्यावर निळाही संपला. तेव्हापासून आमच्याकडे या कामासाठी नायट्रेटच्या जागी अॅसिटेट वापरतात.

तांब्याची गंमत तर याच्या पुढची. तांब्याच्या जाळीवर नॅनोतारा उगवण्याची जी सर्रास वापरली जाणारी कृती आहे, तिच्यात सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर अमोनियम परसल्फेट घालतात. म्हणजे जो पदार्थ शोधायचा, तो मसाल्यातच पडलेला! धुवून धुवून हात दुखतात.

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाच्या गटाने इतर काही गटांबरोबर २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये एक काटेकोर कार्यपद्धती मांडली. आर्गॉनवर प्रयोग, करंट बंद ठेवून प्रयोग, आणि शेवटी नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचा, म्हणजे १५ अणुभाराच्या नायट्रोजनचा, शुद्ध केलेला वायू घेऊन प्रयोग. एनएमआर या चुंबकीय वर्णपटात नेहमीच्या नायट्रोजनच्या अमोनियमच्या तीन रेघा दिसतात, जड नायट्रोजनच्या दोन. दोन रेघांचा अमोनिया बिनजडच्या प्रयोगाइतकाच भरला, तरच तो आपल्या कॅथोडने केला म्हणायचं. या कसोटीला लिथियमच्या मध्यस्थीने चालणारी पद्धत उतरली. पाण्यात बुडवलेल्या ऑक्साइड्सबद्दलचे बरेच दावे अजून तिला सामोरे गेलेले नाहीत. नवा पेपर हातात आला की मी आधी आर्गॉनचा आलेख शोधतो. नसेल तर पुढे वाचत नाही.

धातू थेट न वापरता ऑक्साइड कशाला?

एक तर स्वस्त. तांबं, कोबाल्ट, लोखंड, टायटॅनियम यांची ऑक्साइड्स करायला प्लॅटिनम-रुथेनियमसारखा खिसा लागत नाही. दुसरं, ऑक्साइडमध्ये फेरफार करायला जागा असते. स्पिनेल नावाची स्फटिकरचना घ्या. त्याच्या जाळीत दोन प्रकारची घरं असतात: चार ऑक्सिजनच्या मधलं लहान आणि सहा ऑक्सिजनच्या मधलं मोठं. कोबाल्ट ऑक्साइडमध्ये लहान घरात +२ प्रभाराचा कोबाल्ट राहतो आणि मोठ्यात +३ प्रभाराचा. एका घरात तांबं, निकेल किंवा लोखंड बसवून पाहता येतं, आणि त्याने शेजारच्या कोबाल्टचा स्वभावही बदलतो. शुद्ध धातूत अशी मोकळीक नाही.

तोटा वीज वाहण्याचा. टायटॅनियम डायऑक्साइड हा भिंतीच्या पांढऱ्या रंगातला पदार्थ. वीज वाहायला अगदी नाखूश.

‘ऑक्सिजन व्हेकन्सी’ म्हणजे काय? प्रत्येक पेपरात असते.

ऑक्साइडच्या जाळीतला एखादा ऑक्सिजन काढून घेतला की मागे रिकामी जागा राहते आणि त्याचे इलेक्ट्रॉन आसपासच्या धातूकडे जातात. पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड हायड्रोजनमध्ये तापवला की निळसर, मग काळपट होतो. हे डोळ्यांना दिसतं, त्याला यंत्र लागत नाही. दोन फायदे होतात. वीज वाहणं सुधारतं. आणि नायट्रेटचा एक ऑक्सिजन त्या रिकाम्या जागेत जाऊन बसतो, त्यामुळे त्याचा नायट्रोजनशी असलेला बंध ढिला पडतो.

हे मला पटतं. पटत नाही तो पुरावा. क्ष-किरण फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटात ५३१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचा उंचवटा दाखवायचा आणि ‘ही पहा व्हेकन्सी’ म्हणायचं, असा रिवाज पडलाय. जो ऑक्सिजन तिथे नाहीच, तो उंचवटा कसा देईल? तिथे बहुतेक वेळा पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट आणि चिकटलेलं पाणी दिसत असतं. पावसाळ्यात मुंबईत मोजलेल्या नमुन्यात व्हेकन्सी जास्त ‘सापडल्या’ तर मला नवल वाटणार नाही. एकटे पडलेले इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या ईपीआर तंत्राने दाखवा, मग बोलू.

सेलमध्ये गेल्यावर ऑक्साइड ऑक्साइडच राहतं का?

तांब्याचं राहत नाही. सगळ्यात अडचणीचा प्रश्न हाच.

तांब्याच्या जाळीवरचं काळं क्युप्रिक ऑक्साइड सेलमध्ये ठेवा आणि करंट सुरू करा. काही मिनिटांत काळ्याचं विटकरी होतं, काचेतून सरळ दिसतं. हिशेबही तेच सांगतो. रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मापाने क्युप्रस ऑक्साइडचं (म्हणजे कमी ऑक्सिजनवाल्या, मधल्या टप्प्याच्या ऑक्साइडचं) तांबं व्हायला अधिक ०.५ व्होल्टच्या जवळपासच सुरुवात होते, आणि नायट्रेटचा अमोनिया आपण करतो शून्य ते उणे अर्ध्या व्होल्टला. म्हणजे आपण भरलं एक आणि काम करतंय दुसरंच. तिआनजिनच्या गटाने २०२० मध्ये हेच दाखवलं होतं: क्युप्रिक ऑक्साइडच्या नॅनोतारा चालू सेलमध्ये तांबं आणि क्युप्रस ऑक्साइड यांच्या मिश्रणात बदलतात, आणि त्या मिश्रणाची फॅरडे कार्यक्षमता, म्हणजे पुरवलेल्या इलेक्ट्रॉनपैकी अमोनियात गेलेला वाटा, सुमारे ९६ टक्के भरली.

मग ऑक्साइडपासून सुरुवात करून मिळालं काय? मिळतं. ऑक्साइडमधून ऑक्सिजन निघून गेल्यावर उरलेलं तांबं खडबडीत, छिद्राछिद्रांचं असतं. सपाट पत्र्यावर तसे कोपरे-कपारी नसतात. यात नवीन काही नाही म्हणा. ओपाऊच्या काळात आल्विन मित्ताश यांनी हजारो मिश्रणं तपासून जो उत्प्रेरक निवडला, तोही मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइडच. त्यात थोडं अॅल्युमिना, थोडं पोटॅशियम. रिअॅक्टरमध्ये गेल्यावर हायड्रोजनने त्याचं सच्छिद्र लोखंड होतं आणि काम तेच करतं. अॅल्युमिना मात्र ऑक्साइडच राहतो आणि लोखंडाचे कण एकमेकांना चिकटू देत नाही. उत्प्रेरक आखताना मला हे चित्र उपयोगी पडतं: यातलं कोण बदलणार आणि कोण खांब म्हणून उभं राहणार?

सेल बंद करून, भुकटी खरवडून, दुसऱ्या दिवशी मोजली तर कळत काहीच नाही, कारण हवेत तांबं पुन्हा ऑक्साइड झालेलं असतं. चालू सेलमध्ये रामन वर्णपट घ्यावा लागतो, किंवा इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनसारख्या ठिकाणी क्ष-किरण शोषण पाहावं लागतं. तिथे बीमटाइम मिळाला की झोप विसरायची.

आणि एक घरगुती सूचना. करंट बंद करण्याआधी इलेक्ट्रोड द्रावणातून बाहेर काढा. अमोनियाच्या द्रावणात हवा असली की तांबं विरघळतं आणि द्रावण गडद निळं होतं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसंच हे: करंट चालू असेपर्यंत तांबं सुरक्षित, बंद झाला की आपणच केलेला माल आपलं भांडं खातो.

तांब्यात कोबाल्ट का मिसळतात?

नायट्रेटचा अमोनिया एका झटक्यात होत नाही. आधी नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, पुढे हायड्रॉक्सिलअमाइनच्या वाटेने अमोनिया. तांबं पहिली पायरी झटपट चढतं, पण नायट्राइट हातातून सोडून देतं. ते द्रावणात साचतं, आणि ते विषारी आहे. कोबाल्टला पहिली पायरी जड जाते, पण नायट्राइट मिळालं की तो ते पुढे नेतो आणि त्याला लागणारा हायड्रोजनही पृष्ठभागावर तयार ठेवतो. दोघांना शेजारी बसवलं की काम पुढे सरकतं. किती शेजारी, हे ठरवण्यात पीएचडीची दोन वर्षं जातात.

संगणकावर आधी काढता येत नाही का?

दिशा कळते. कोणता धातू नायट्रेटला किती घट्ट धरेल हे घनता-फलन सिद्धांताने बऱ्यापैकी सांगता येतं. फक्त ते गणित बहुतेकदा नीटनेटक्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर केलेलं असतं, आणि वर सांगितलं तसं तो पृष्ठभाग पाच मिनिटांत नाहीसा झालेला असतो.

आमच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त निघालंय. त्यातून खत निघेल का?

हा प्रश्न विदर्भ-मराठवाड्यातून नेहमी येतो, आणि तिथल्या भूजलात नायट्रेटची तक्रार खरीही आहे. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं.

समजा तुमच्या विहिरीत १०० मिलिग्रॅम आहे. हजार लिटरची टाकी भरली तर त्यात १०० ग्रॅम नायट्रेट. त्यातला कण न् कण अमोनिया झाला तरी मिळणार २७ ग्रॅम. आम्ही लॅबमध्ये जे द्रावण वापरतो त्यात लिटरला ६२०० मिलिग्रॅम असतं, म्हणून आमचे आलेख देखणे दिसतात. विहिरीच्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे वीज नीट वाहत नाही. आणि काळ्या जमिनीतलं पाणी जड. कॅथोडपाशी पाणी अल्कधर्मी होतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम खाली बसतं, आणि एका दुपारीत त्या सुंदर ऑक्साइडवर गीझरच्या कॉइलवर साचते तशी पांढरी खपली धरते. आम्ही एकदा बोअरचं पाणी असंच घालून पाहिलं. तिसऱ्या तासाला करंट निम्मा झाला.

शिवाय पिण्याच्या पाण्यात अमोनिया करून ठेवणं हा उपाय नाही. त्याची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम, नायट्रेटपेक्षा कितीतरी कडक. पिण्यासाठी नायट्रेटचा नायट्रोजन वायू झालेला बरा.

जमण्यासारखी ठिकाणं वेगळी आहेत. नायट्रेट काढणाऱ्या आयन-विनिमय संयंत्रातून उरणारं खारं पाणी, स्टेनलेस स्टील नायट्रिक आम्लात धुणाऱ्या उद्योगांचं सांडपाणी. तिथे नायट्रेट दाट असतं, आणि ते काढून टाकायला नाहीतरी पैसे मोजावेच लागतात.

युरियाच्या एका गोणीला किती वीज लागेल?

४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. त्याला अमोनिया लागतो सुमारे २५ किलो. नायट्रेटचा सेल २ व्होल्टवर ९० टक्के कार्यक्षमतेने चालला, आणि हे आजच्या घडीला चांगलंच म्हणायचं, तर किलोला २८ युनिट पडतात. एका गोणीला ७०० युनिट. हिरव्या हायड्रोजनवर जुना रिअॅक्टर चालवला तर २५० युनिट. दोन्हीत कार्बन डायऑक्साइड वेगळा आणावा लागेल, कारण गॅसवाल्या कारखान्यात युरियासाठी तो आयता मिळतो, इथे मिळत नाही.

दुकानात ती गोणी सरकारी अनुदानामुळे तीनशेच्या आत मिळते. तेव्हा खताच्या भावाशी टक्कर द्यायचं स्वप्न मी पाहत नाही. सांडपाणी शुद्ध करायचा खर्च आणि वर अमोनिया, असा हिशेब मांडला तरच कागद जुळतो.

फॅरडे कार्यक्षमता ९५ टक्के म्हणजे झालं ना काम?

विचारा: किती करंटला, किती तास, नायट्रेट किती दाट होतं? १०० मिलिअँपिअर तासभर सोडला आणि सगळाच्या सगळा अमोनियात गेला तरी हाती ८ मिलिग्रॅम येतात. चौरस सेंटिमीटरला एवढा करंट धरला तर तासाला एक किलोसाठी साडेबारा चौरस मीटर कॅथोड हवा. एका खोलीची फरशी. आणि ती दोन तास नव्हे, वर्षभर टिकायला हवी.

लॅबमध्ये अमोनियाचा वास येतो का?

आमच्याकडे येऊ नये अशीच व्यवस्था असते. द्रावण अल्कधर्मी असेल तर बुडबुड्यांबरोबर अमोनिया उडून जातो, आणि उडालेला मोजला नाही तर कार्यक्षमता उगाच कमी दिसते. म्हणून सेलच्या तोंडाला नळी लावून ती सौम्य सल्फ्युरिक आम्लाच्या दुसऱ्या बाटलीत सोडतात. नवीन आलेला मुलगा हमखास ती बाटली मोजायला विसरतो. एकदा आमचा अमोनिया कुठे गायब होतोय ते आठवडाभर शोधत होतो, आणि तो सगळा त्या दुसऱ्या बाटलीत निवांत पडला होता.